जिथून उतरता येत नाही

पणजीसमोर, मांडवीच्या काठी असलेल्या ‘आयएनएस मांडवी’ या नौदलाच्या तळावरून १० सप्टेंबर २०१७ रोजी ‘तारिणी’ नावाची एक शिडाची नौका पृथ्वीप्रदक्षिणेस निघाली. नौकेवर सहा जणी होत्या. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी या प्रमुख. आणि प्रतिभा जामवाल, स्वाती पी., ऐश्वर्या बोड्डापाटी, विजयादेवी व पायल गुप्ता या त्यांच्या सहकारी. कोणी हिमाचलची, कोणी मणिपूरची, कोणी आंध्रच्या किनाऱ्यावरची. २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ रोजी, त्याच सहा जणी त्याच नौकेतून गोव्यास परतल्या. मध्ये २१,६०० सागरी मैल पाणी मागे पडले होते. विषुववृत्त दोनदा ओलांडले गेले होते. दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे केप हॉर्न, ज्याच्या नावाने जुने दर्यावर्दी देवाचे नाव घेत, ते १८ जानेवारी २०१८ रोजी ओलांडले गेले. त्या साऱ्यांचा नाताळ आणि नवे वर्ष न्यूझीलंड व केप हॉर्न यांच्या मधल्या ओसाड पाण्यात गेले.

नौका आपल्याच मातीतली. दिवाडी बेटावरील रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत ती बांधली गेली. त्याच गोदीतील ‘म्हादेई’ ही तिची थोरली बहीण. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि असे करणारे ते पहिले भारतीय ठरले. याच दोंदे यांनी पुढे या सहा जणींना शिकवले.

कोल्हापूरकरांना समुद्र तसा परका. घाट उतरल्यावाचून तो दिसत नाही, आणि आमच्या धर्मग्रामातील बहुतेक कुटुंबांनी तो पाहिला असेल तर जुन्या गोव्यास संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला जाताना. रंकाळ्यातल्या होडीपलीकडे आमचा नौकानयनाशी संबंध नाही. तरीही या प्रवासाची हकीगत वाचताना आम्हांस वाऱ्यापेक्षा, लाटांपेक्षा एका साध्या गोष्टीने थांबवले. पंचावन्न फूट लांबीच्या त्या नौकेतून, एकदा किनारा दिसेनासा झाल्यावर, कोणालाही उतरता येत नव्हते. रुसून माहेरी जाता येत नव्हते. दार आपटून बाहेर पडता येत नव्हते, कारण बाहेर नावाची जागाच नव्हती.

‘तारिणी’ची ती सफर शर्यत नव्हती. परंतु जगात अशा शर्यतीही चालतात. १९७३ च्या सप्टेंबरात इंग्लंडमधील पोर्ट्समथ बंदरातून पूर्ण ताफ्यानिशी पृथ्वीभोवती जाण्याची पहिली मोठी शर्यत सुटली. तिने नंतर नावे बदलली, पण ती अजून चालते. २००८ च्या डिसेंबरात तिच्या नौका प्रथमच भारतात, कोचीला, थांबल्या होत्या. त्या सत्तर फुटी नौकांवर अकरा-अकरा माणसे. वजन वाचावे म्हणून अन्नसुद्धा वाळवलेले, गरम पाणी ओतून खायचे. बिछाने माणसांपेक्षा कमी. एक उठला की त्याच्याच उबेत दुसरा आडवा होतो. शर्यत असो वा नसो, नौकेच्या पोटातले जिणे सारखेच.

ते जिणे कसे असते, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. वारा एका बाजूने आला की नौका दुसऱ्या कुशीवर कलंडते आणि कधी कधी आठवडा-आठवडा तशीच कललेली राहते. मग चालणे म्हणजे चढणे होते आणि बसणे म्हणजे टेकू शोधणे. शेगडी झुलत्या चौकटीत बसवलेली असते, जेणेकरून नौका कलली तरी भांडे सरळ राहावे. तरीही वरण कधी ताटात पडते, कधी स्वयंपाक करणाऱ्याच्या मांडीवर. बिछान्याच्या कडेला कापडाचा आडोसा ताणून बांधतात, एरवी झोपलेले माणूस लाटेसरशी जमिनीवर फेकले जाईल. दक्षिण महासागरात थंडी अंगात शिरते आणि खाऱ्या पाण्याने भिजलेले कपडे धड वाळत नाहीत. वर जाताना कमरेचा पट्टा नौकेला अडकवून घ्यावा लागतो. रात्री पाण्यात पडलेला माणूस काही मिनिटांत दृष्टीआड होतो. ‘तारिणी’ने पॅसिफिकमध्ये ६० नॉटपर्यंतचे वारे सोसले. एसटीच्या वेगाच्या दुप्पट म्हटले तरी चालेल.

आणि या सगळ्यात दिवसाचे चोवीस तास पाळ्यांत वाटलेले असतात. कोणीतरी सतत जागे असले पाहिजे. शिडावर, होकायंत्रावर, क्षितिजावर डोळा ठेवला पाहिजे. पाळी संपत आली की जागणारा खाली येऊन झोपलेल्याला उठवतो. आमच्या मते, नौकेवरच्या नीतीचा सारा व्यवहार या एका क्षणात साठलेला आहे. उठवणारा वेळेवर उठवतो की स्वतःच्या थकव्याने पाच मिनिटे आधीच हाक मारतो? उठणारा पहिल्या हाकेस उठतो की कूस बदलतो, आणि वर भिजत बसलेल्याची आणखी दहा मिनिटे खातो? चहाला पाणी ठेवून जातो की रिकामे भांडे? लांबच्या सफरींत माणसांची मने विटतात ती वादळामुळे नव्हे, असे दर्यावर्दी सांगतात. वादळात सगळे एक होतात. मने विटतात ती कोणाच्या ओल्या बुटांमुळे, कोणाच्या गुणगुणण्यामुळे, शेवटचे बिस्किट कोणी खाल्ले यामुळे. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी दोन खोल्यांत सात माणसांचा संसार केला आहे, त्यांस हे नवीन नाही. उत्तन-वसईकडील आमच्या कोळी बांधवांसही नाही. तांडेल आणि खलाशी दिवसचे दिवस एका होडीत काढतात, आणि तांडेलाचा स्वभाव कसा आहे यावरच त्या दिवसांचे सुखदुःख ठरते.

आता प्रश्न असा. सहा जणी २५४ दिवस एकमेकींशी सांभाळून वागल्या, कारण न वागून चालणार नव्हते. मग त्या सांभाळून वागण्यास सद्‌गुण म्हणावे काय? ज्यास निघून जाण्याची वाटच नाही, त्याच्या राहण्यात निष्ठा कसली?

हा प्रश्न आम्ही समुद्राविषयी विचारीत नाही, हे वाचकांनी ओळखले असेलच. वीसहून अधिक वर्षे धर्मगुरू म्हणून वावरताना हा प्रश्न आम्हांस अनेक मुखांनी विचारला गेला आहे. लग्नाला तीस वर्षे झालेली बाई म्हणते, “फादर, चर्चने सुटू दिले नाही म्हणून राहिले; यात माझे पुण्य ते काय?” पुरुषही म्हणतात, पण शब्द वेगळे वापरतात. आणि तरुण मुले-मुली विवाहपूर्व शिबिरात अधिक धीटपणे विचारतात की, दार उघडे असतानाही जो राहतो त्याचेच प्रेम खरे नव्हे काय? प्रश्न टाकाऊ नाही. त्यास ‘देवाची इच्छा’ एवढे उत्तर देऊन मोकळे होणे आम्हांस पटत नाही.

योगायोगाची गोष्ट अशी की, तत्त्वज्ञानात हा प्रश्न प्रथम ज्या उदाहरणाने हाताळला गेला ते उदाहरण नौकेचेच आहे. ॲरिस्टॉटल आपल्या नीतिशास्त्राच्या तिसऱ्या भागात विचारतो: वादळात सापडलेला व्यापारी स्वतःच्या हाताने आपला माल समुद्रात फेकतो, ते तो स्वेच्छेने करतो की नाइलाजाने? एरवी कोणी शहाणा माणूस आपला माल पाण्यात टाकणार नाही. परंतु त्या घडीला, त्या वाऱ्यात, माल उचलणारे हात त्याचेच असतात आणि ते हलवणारी इच्छाही त्याचीच. म्हणून अशा कृती मिश्र असल्या तरी त्या स्वेच्छेच्याच बाजूला अधिक झुकतात, असा त्याचा निवाडा. संत थॉमस अक्विनास यांनी हेच उदाहरण उचलले आणि हाच निवाडा मान्य केला. सेमिनरीत आम्ही हे पाठ केले तेव्हा ते कोरडे वाटले होते. पुढे माणसांचे संसार जवळून पाहिल्यावर त्यातला ओलावा कळला. परिस्थितीने वाट अरुंद केली म्हणून चालणारा चालत नाही, असे होत नाही. तीस वर्षे राहिलेल्या त्या बाईला आम्ही सांगू इच्छितो की, बाई, चर्चने दार लावले असेल. परंतु पहाटे उठून नवऱ्याचा डबा करणारे हात चर्चचे नव्हते.

तथापि ॲरिस्टॉटलने अर्धाच प्रश्न सोडवला. कृती स्वतःची ठरली, एवढ्याने ती चांगली ठरत नाही. नाइलाजाने राहणारे दोन जण एकमेकांस रोज थोडे थोडे मारीतही राहू शकतात, आणि तेही त्यांचे स्वतःचेच कर्म असते.

प्रेषितांच्या कृत्यांतील सत्ताविसावा अध्याय या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगा आहे. संत पौलास कैदी म्हणून रोमला नेणारे गलबत चौदा रात्री वादळात भरकटले. माल फेकून झाला, गलबताचे सामानही फेकून झाले. जमीन जवळ आल्याचे जाणवले तेव्हा खलाशांनी नांगर टाकण्याचे निमित्त करून लहान होडी हळूच पाण्यात सोडली. त्यांचा बेत गुपचूप निसटण्याचा होता. पौलाने शताधिपतीस बजावले की, हे लोक गलबतात राहिले नाहीत तर तुम्हीही वाचणार नाही. तेव्हा शिपायांनी त्या होडीचे दोर कापले आणि ती वाहून जाऊ दिली. पुढे पहाटेच्या सुमारास पौलाने भाकर घेतली, सर्वांसमक्ष देवाचे आभार मानले, ती मोडली आणि खाल्ली; मग गलबतावरची २७६ माणसेही धीर धरून जेवली.

आम्हांस या प्रसंगात क्रम महत्त्वाचा वाटतो. होडीचे दोर आधी कापले गेले, भाकर नंतर मोडली गेली. निसटण्याची होडी शेजारी तरंगत असताना लोक एका ताटात जेवले नसते. प्रत्येकाचा एक डोळा होडीकडे आणि दुसरा शेजाऱ्याकडे राहिला असता की हा माझ्याआधी उडी तर मारणार नाही? दोर कापल्याने कोणी संत झाले नाही. परंतु शेजारच्या माणसाकडे दोन्ही डोळ्यांनी पाहणे त्यामुळे शक्य झाले. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या संन्याशांकडून एकाच मठात राहण्याचे व्रत घेतले, आणि तीन-चार दिवस एका मठात, मग पुढच्या मठात असे भटकणाऱ्यांवर कडक ताशेरे ओढले. त्यामागे हीच जाण असावी. जो कोठेही फार दिवस राहत नाही, त्यास स्वतःचा स्वभाव कधी दिसतच नाही. दोष नेहमी मागच्या मठात राहतो.

एकट्याच्या प्रवासाशी ताडून पाहिले की हे अधिक उमजते. १९६८-६९ साली एकट्याने, न थांबता पृथ्वीभोवती जाण्याची पहिली शर्यत झाली. ती जिंकणाऱ्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’ ही नौका मुंबईत, आपल्या सुतारांच्या हातून सागवानात घडली होती. हे आपण फारसे सांगत नाही, वास्तविक सांगावे. त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचा एक इंग्रज गृहस्थ होता. त्याची नौका कच्ची होती, घर गहाण पडले होते, परतणे म्हणजे दिवाळे. तो अटलांटिकमध्येच रेंगाळला आणि आपण जगाभोवती जात असल्याची खोटी ठिकाणे रेडिओवरून कळवीत राहिला. पुढे त्याच्या नोंदवह्या भ्रमिष्ट होत गेल्या. १९६९ च्या जुलैत नौका सापडली, ती रिकामी. खोटे लिहिताना त्याच्या खांद्यावरून वाकून पाहणारे कोणी नव्हते. “अरे, हे काय लिहितोस?” म्हणणारा एक जरी कटकट्या सोबती असता, तरी कदाचित तो लाजेने वाचला असता. विजेत्याने आपले ५,००० पौंडांचे बक्षीस त्याच्या बायकामुलांना दिले. सोबत्याचा जाच आपणास वाटतो तितका वाईट नसतो. पुष्कळदा तो जाचच आपला कठडा असतो.

हे सगळे पुस्तकी वाटत असेल, तर आमच्याच जिल्ह्यातील गोष्ट सांगतो. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४३ फुटांची. पुणे-बंगळूर महामार्ग दिवसचे दिवस पाण्याखाली होता आणि नौदलाच्या तुकड्या आपल्या होड्या घेऊन कोल्हापूर-सांगलीत उतरल्या होत्या. समुद्र आमच्याकडे आला तो असा. त्या दिवसांत एका गावी दोन भाऊ, वाटणीवरून आठ वर्षे न बोललेले, थोरल्याच्या वरच्या मजल्यावर एकत्र अडकले. अंगणात त्यांनी घातलेली भिंत पाण्याखाली गेली होती. चार दिवस एक स्टोव्ह, एक पिंप पाणी, नऊ माणसे. धाकट्याच्या मुलाला ताप होता आणि थोरलीने घरातले औषध वेळच्या वेळी त्याला पाजले. रात्री पाणी किती चढले ते बघायला भाऊ पाळीपाळीने जागले. ते जागत असताना बाकीचे झोपले.

पाणी ओसरले, भिंत पुन्हा दिसू लागली. आम्ही पुढे त्या घरी गेलो तेव्हा भाऊ पूर्ववत अबोल होते आणि दावा चालूच होता. पावसाळी संकटात भाऊ भेटल्याची गोष्ट प्रवचनात सांगायला बरी. खरी हकीगत अशी नसते. परंतु थोरली जाऊ भिंतीवरून हाक मारून पुतण्याच्या तब्येतीची चौकशी करते, ती आजही. चार दिवस चौघांनीही सांभाळून घेतले होते. नाइलाज सर्वांचा सारखाच होता. एकीच्या बाबतीत त्या नाइलाजातून काहीतरी रुजले, इतरांच्या बाबतीत पाण्याबरोबर गेले. का, हे आम्ही सांगू शकत नाही. एवढे मात्र दिसते की बंद दार माणसास चांगले करीत नाही आणि वाईटही करीत नाही. त्या दाराआड तो काय करतो, याची मोकळीक त्याच्याकडे शिल्लक राहते, आणि ती मोकळीक औषधाच्या वेळेएवढी, पाळी बदलण्याच्या पाच मिनिटांएवढी लहान असते. ‘तारिणी’ फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ले, केप टाउन आणि, सुकाणू बिघडल्यामुळे, मॉरिशस अशा पाच ठिकाणी किनाऱ्यास लागली. पाचही ठिकाणी विमानतळ किंवा धावपट्टी होती. पाचही ठिकाणांहून त्या सहाही जणी पुन्हा नौकेवर चढल्या. त्याआधीच्या रात्री कोणी कोणाला वेळेवर उठवले होते, याची नोंद कोणत्या वर्तमानपत्रात नाही. पण तिचा त्या चढण्याशी संबंध नसेल, असे आम्हांस वाटत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट न केल्यास आम्ही अप्रामाणिक ठरू. ‘उतरता येत नाही’ हे वाक्य घराघरांत शस्त्रासारखेही वापरले जाते, आणि बहुधा ते वापरणारा तो असतो ज्याने पाळी कधी केलीच नाही. दारू पिऊन मारणारा नवरा बायकोला विवाहाच्या अतूट बंधनाची आठवण करून देतो, तेव्हा तो ज्या दोराची गोष्ट करतो तो पौलाने कापायला सांगितलेला दोर नव्हे. जखमी खलाशास घेऊन सरळ पुढे जाणारा कप्तान कर्तव्यनिष्ठ नव्हे. त्याने जवळचे बंदर गाठले पाहिजे. चर्चच्या कायद्याचे ११५३ वे कलम हेच सांगते: जोडीदाराकडून शरीरास वा आत्म्यास गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्याचे न्याय्य कारण आहे, आणि विलंब धोक्याचा असेल तर कोणाची परवानगी येईपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. विवाहाचे बंधन त्याने तुटत नाही. पण माराखाली राहणे हा त्या बंधनाचा अर्थ चर्चने कधी शिकवलेला नाही. हे कलम आमच्या भगिनींना सहसा कोणी वाचून दाखवीत नाही, म्हणून येथे लिहिले.

पौलाच्या गलबताची गोष्टही अखेर गलबत वाचण्याची गोष्ट नाही. ते माल्टाच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतले आणि लाटांनी त्याचा मागचा भाग फुटला. ज्यांना पोहता येत होते ते पोहून गेले. बाकीचे फळ्यांवर, गलबताच्या तुकड्यांवर तरंगत गेले. सगळे पोचले. पाऊस पडत होता, थंडी होती, आणि बेटावरच्या अनोळखी लोकांनी शेकोटी पेटवून त्या सर्वांना जवळ घेतले. कोण पोहत आला आणि कोण फळीवर, याची विचारपूस त्यांनी केल्याचे लूक लिहीत नाही.

फळीवरून आलेली अशी काही माणसे आमच्याही धर्मग्रामात आहेत. रविवारच्या मिस्साला ती शेवटच्या बाकावर बसतात, आणि समारोपाचा आशीर्वाद झाला की इतर लोक दाराशी गप्पांना थांबण्याआधीच निघून गेलेली असतात.